साडेचारशे मीटरवरून थेट एव्हरेस्टकडे!

समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर उंच आणि उन्हाळ्यात अंगाची लाही लाही करणारं आपलं सोलापूर. पण याच सोलापूरच्या आनंद बनसोडेने 2012 मध्ये एव्हरेस्टचा माथा गाठला! तेव्हा बेस कॅम्पच्या ट्रेकचं नाव काढताच बिचकायचं कारण नाही. पथ्य एकच, पण पक्कं: शेर्पा गाइड सांगेल ते ऐकायचं.

आणि तो सांगतो काय? ‘बिस्तारै, बिस्तारै.’ हळूहळू चला! कळसूबाईची उंची 1646 मीटर. तिच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी वाटेतलं 3440 मीटरवरचं नामचे बाजार हे गाव वरच राहतं. म्हणून नामचेला दोन रात्री मुक्काम. 3000 मीटरच्या पुढे रात्रीचा मुक्काम एका दिवसात 500 मीटरहून जास्त वर न्यायचा नाही. दिवसा थोडं वर चढून रात्री खाली येऊन झोपलं, तर शरीराला उंचीची सवय होते. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर गाइडपासून लपवू नका. तो ‘खाली चला’ म्हणाला की मुकाट निघायचं, मग बेस कॅम्प कितीही जवळ असो.

हवेत ऑक्सिजनचा वाटा तिथेही 21 टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, 5364 मीटरवरच्या बेस कॅम्पला जवळपास निम्मा! त्यामुळे पाणीसुद्धा 83 अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. स्वयंपाकाच्या तंबूत प्रेशर कुकरला मान आहे तो यासाठी. डाळ-भात हे तिथलं रोजचं इंधन.

मग शेर्पांना आपल्याइतकी धाप कशी लागत नाही? तिबेटी आणि शेर्पा लोकांमध्ये ईपीएएस-1 या जनुकाचं एक खास रूप आढळतं. उंचावर आपलं रक्त जसं दाट होत जातं, तसं त्यांचं होत नाही. जनुकाचं हे रूप डेनिसोव्हन या लुप्त झालेल्या मानवाकडून आलेलं आहे, ही तर मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

नावांचीही गंमत. अनेक शेर्पांची नावं जन्मवारावरून ठेवलेली असतात: रविवारचा निमा, सोमवारचा दावा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग. तेनझिंग नोर्गे यांना मात्र स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. 29 मे 1953 ला ते हिलरींसोबत एव्हरेस्टवर पोहोचले आणि पुढे तीच तारीख त्यांनी वाढदिवस म्हणून साजरी केली. आणि कामी रीता शेर्पा? मे 2025 मध्ये ते एव्हरेस्टवर 31 व्यांदा पोहोचले!

पण शिखर चढायला निघालेल्यांनाही बेस कॅम्पवरची पूजा झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. लामा मंत्र म्हणतात, धुपीच्या पाल्याचा धूर दाटतो, दगडांच्या चौथऱ्याला बर्फात वापरायच्या कुऱ्हाडी आणि बुटांना लावायचे काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, टेकवून ठेवतात. मग एकमेकांच्या गालांना सातूचं पीठ फासायचं! खंडेनवमीला आपल्याकडे मागाची पूजा होते, अगदी त्याच श्रद्धेने. त्याआधीच काही अनुभवी शेर्पा खुंबूच्या हिमप्रपातात शिड्या आणि दोर बांधून वाट तयार करतात. त्यांना म्हणतात ‘आइसफॉल डॉक्टर’. जगभरातले गिर्यारोहक त्यांच्याच शिड्यांवरून वर जातात. शिखरावरच्या फोटोंबरोबर या माणसांची नावंही छापून यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

जायचं असेल तर मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ हवं. पाठपिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर टाका. दोन्ही टिकतात, भाकरीचं ओझं होत नाही, आणि चार घास गाइडलाही द्या!