नौकेचा इशारा ऐकावा कसा?



न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्यांची पात्रे रुंद आणि धार वेगवान. परंतु पाणी कित्येक ठिकाणी वीतभरच. तेथे नौकेच्या तळाखाली फिरणारा पंखा दगडांवर आपटून निकामी व्हावयाचा. यावर विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) या तेथील यंत्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात उपाय काढला. बाहेरचा पंखा काढून त्याने नौकेच्या पोटातच पंप बसविला. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढावयाचे आणि मागील तोटीतून जोराने फेकावयाचे. १९६० साली अशा नौका अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीतून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध चढून गेल्या. गोव्याच्या किनाऱ्यावर धावणाऱ्या वॉटर स्कूटरही याच तत्त्वावर चालतात.

अशी जेट बोट ऐन प्रवाहात असताना 'पीं पीं' असा आवाज करू लागली, तर काय करावे? गडबडून एकदम एंजिन बंद करणे हा पुष्कळदा पहिला विचार. परंतु तोच घातक ठरू शकतो. जेट बोटीला वेगळे सुकाणू बहुधा नसते. पाण्याची धार डावी-उजवीकडे वळविली की नौका वळते. म्हणजे धार थांबली की वळण्याची शक्तीही गेली. म्हणून संथ पाण्यात असाल तर एंजिन तत्काळ बंद करावे; परंतु खडक वा धबधबा जवळ असेल तर वेग कमी करून आधी काठ गाठावा. एंजिन पुन्हा घेता येते, माणूस नव्हे.

काठाला लागल्यावर पहिला प्रश्न असा की, आवाज करते आहे कोण? पाण्याची खोली मोजणारे यंत्र पाणी उथळ झाल्यावर वाजते. तळात पाणी साचल्यावर वाजणारी घंटा निराळी. विषारी कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी डबी तिची बॅटरी उतरली की अधूनमधून चिवचिवते. मात्र तीच डबी जोरजोराने वाजू लागली तर प्रथम सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, कारण शोधणे मागाहून.

आवाज एंजिनाचाच असेल, तर तो केव्हा होतो याकडे लक्ष द्यावे. किल्ली फिरविताच वाजून एंजिन सुरू झाल्यावर थांबणे हे पुष्कळ नौकांत निरोगीपणाचेच लक्षण होय. कारण तोवर वंगणाचा दाब निर्माण झालेला नसतो. वळणावर किंवा लाटांवरच आवाज होत असेल तर वंगण कमी असण्याचा संभव फार. नौका कलली की तेल एका बाजूस जाते व पंप हवा ओढतो. एंजिन थंड झाल्यावर, नौका सपाट असताना, पट्टी काढून तेल पाहावे. जरा वेळ धावल्यानंतर आवाज होत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. पुष्कळ जेट बोटींत एंजिन थंड करणारे पाणी त्याच पंपाकडून येते. जाळीत शेवाळ, दोरी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली की वेगही मंदावतो आणि एंजिनही तापते. जाळीत हात घालण्यापूर्वी एंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी. हा नियम कधीही मोडू नये.

तेल आणि पाणी ठीक असेल तर विजेकडे वळावे. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. एंजिन चालू असताना हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.४ असावा. न वाढल्यास चार्जिंगमध्ये दोष आहे. अखेरीस तारा पाहाव्यात. साध्या जुन्या रचनेत तेलाचा दाब घटला की एक खटका मिटतो आणि तार एंजिनाच्या धातूला जोडली जाऊन भोंगा वाजतो. घासून उघडी पडलेली तार धातूला टेकली तरी परिणाम तोच! खटक्यावरची तार सोडवूनही भोंगा चालूच राहिला, तर दोष त्या खटक्यात नसून तारेत किंवा दुसऱ्या खटक्यात आहे. आवाज थांबला तरी तेवढ्याने खटका खोटा ठरत नाही. दुसऱ्या दाबमापकाने दाब पडताळावा. मात्र कोठलीही तार हलविण्यापूर्वी एंजिनाच्या कप्प्यातील पेट्रोलची वाफ हवा खेळवून घालवावी. एक ठिणगीही पुरे होते. नव्या नौकांत दोषाचे सांकेतिक आकडे पडद्यावर येतात. ते नौकेबरोबरच्या पुस्तिकेत पाहावेत.

एक मोह मात्र टाळावा, तो म्हणजे भोंग्याची तारच कापून टाकण्याचा. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील गावकरी खोट्या हाकांना कंटाळले, आणि खरा लांडगा आला तेव्हा कोणी धावले नाही. दहा वेळा खोटा ठरलेला इशारा अकराव्यांदा खरा असू शकतो. आणि त्या वेळी नौकेत आपल्याबरोबर मुलेबाळे बसलेली असतात. म्हणून खोटा इशाराही दुरुस्त करावयाचा असतो, गप्प करावयाचा नसतो.