धर्माचा रकाना

जून उजाडला की घरोघरी फॉर्म भरण्याची धांदल सुरू होते. मुलाचे संपूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा आणि त्याखाली कुठेतरी धर्म व जात. जातीच्या रकान्यावरून आपल्याकडे वाद कमी नाहीत. पण धर्माच्या रकान्याशी आल्यावर पेन थबकले, आता काय लिहावे म्हणून घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली, असा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना आठवणार नाही. दाखल्यावर जे आहे ते उतरवायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे.

इराणमध्ये हाच एक रकाना एका अख्ख्या समाजाच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहिला. १९७९च्या इस्लामी क्रांतीनंतर तिथल्या विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेच्या अर्जावर धर्मासाठी चारच पर्याय असत : इस्लाम, झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती. बहाई घरातल्या मुलाला पाचवा पर्याय नव्हता. रकाना कोरा ठेवला तर अर्ज बाद. ‘इस्लाम’पुढे खूण केली तर दार उघडे. शिया परंपरेत जिवावर बेतले असता आपली श्रद्धा झाकून ठेवण्याची मुभा आहे, त्यामुळे कुणी तशी खूण केली असती तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यात फारसे वावगे वाटले नसते. पण बहाईंना ती मुभा नाही. विचारले तर खरे सांगायचे, हा त्यांचा दंडक. एका खुणेने सुटण्यासारखे होते आणि ती खूण त्यांनी केली नाही. पुढची सारी कहाणी इथूनच सुरू होते.

बहाई म्हटले की आपल्याला दिल्लीचे कमळ आठवते. सहलीला गेलेल्या प्रत्येकाने त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढलेला असतो. सत्तावीस पाकळ्यांचे, नऊ दरवाजांचे ते संगमरवरी मंदिर डिसेंबर १९८६ मध्ये खुले झाले. त्याचे वास्तुशिल्पी फरिबोर्झ साहबा हे इराणी बहाई. ज्या वर्षांत दिल्लीत ते या पाकळ्या उभारत होते त्याच वर्षांत त्यांच्या मायदेशी त्यांच्या धर्मबांधवांना फासावर चढवले जात होते, हे मात्र आत शिरताना चपला काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

महाराष्ट्राशी तर या समाजाचा संबंध त्याहून जुना. पाचगणीची न्यू एरा शाळा बहाईंनी १९४५ मध्ये सुरू केली. मुंबई-पुण्याच्या इराणी मंडळींमध्ये याझदकडून आलेली काही घराणी बहाई आहेत. आणि त्याही आधी, १८८२ साली, मुंबईच्या एका शिळाछापखान्यात एक फारसी पुस्तक छापले गेले. इराणने शिक्षण, न्यायव्यवस्था आणि राज्यकारभार कसा सुधारावा याची त्यात चर्चा होती. लेखकाचे नाव नव्हते, कारण नाव घातले असते तर इराणात ते कुणी हातात धरले नसते. लेखक होते अब्दुल बहा, बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांचे थोरले चिरंजीव.

हा धर्म काही फार जुना नाही. १८४४ मध्ये शिराझच्या एका तरुण व्यापाऱ्याने, ज्याला पुढे ‘बाब’ म्हणजे ‘दार’ या नावाने जग ओळखू लागले, आपण नव्या युगाची वर्दी घेऊन आल्याचे जाहीर केले. १८५० मध्ये तबरीझला त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. त्याच्या अनुयायांतले बहाउल्ला हे तेहरानच्या उमराव घराण्यातले. १८५२ मध्ये काही माथेफिरू बाबी तरुणांनी शहावर गोळी झाडली आणि मग सूडाला धरबंध राहिला नाही. बहाउल्लांना तेहरानच्या ‘सियाह चाल’ म्हणजे काळ्या खड्ड्यात डांबले गेले, पुढे बगदादला हद्दपार केले गेले, तिथून इस्तंबूल, एदिर्ने, आणि १८६८ मध्ये तुर्की साम्राज्याच्या अक्का या तुरुंगनगरीत. अक्काजवळच १८९२ मध्ये ते वारले.

सर्व धर्मांचा उगम एक, स्त्री-पुरुष समान, शिक्षण सर्वांना सक्तीचे आणि देव व माणूस यांच्यात पुरोहित नको, ही त्यांची शिकवण थोडक्यात. मुल्लांचा मुख्य आक्षेप धर्मशास्त्रीय होता. महंमद पैगंबर हे शेवटचे प्रेषित असताना नंतर दुसरा कोणी येईलच कसा? श्रद्धावान मुसलमानाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, त्यात खोट काढण्याचे कारण नाही. पण पुरोहितच नको म्हणणाऱ्यांवर पुरोहितांचा राग किती खोल जातो, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको.

सारा दोष १९७९ नंतरच्या राजवटीवर ढकलणेही बरोबर नाही. टोपी-कोटाचा आग्रह धरणाऱ्या आधुनिक रेझा शहाच्या सरकारने १९३४ मध्ये तेहरानच्या ‘तरबियत’ या नामांकित बहाई शाळा बंद केल्या. निमित्त काय, तर बहाईंच्या पवित्र दिवशी त्यांनी सुट्टी घेतली! त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १९५५च्या रमझानमध्ये, फलसफी नावाचे धर्मोपदेशक सरकारी रेडिओवरून रोज बहाईंविरुद्ध आग ओकत होते. पाठोपाठ तेहरानच्या बहाई केंद्राचा घुमट पाडण्यात आला, आणि खुद्द लष्करप्रमुखांनी हातात कुदळ घेऊन त्याला हातभार लावला. शहाला मुल्लांची मर्जी सांभाळायची होती. त्यांच्यापुढे टाकायला बहाई सोयीचे होते.

क्रांतीनंतर जे व्यवहाराने चालत होते ते कायद्यात आले. नव्या राज्यघटनेच्या तेराव्या कलमाने झरतुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती एवढेच मान्यताप्राप्त अल्पसंख्य धर्म ठरवले. बहाई तेव्हा सुमारे तीन लाख होते, म्हणजे देशातला सर्वांत मोठा बिगर-मुस्लिम समाज. कलमात त्यांचे नाव नाही. नाव नाही म्हणून हक्क नाही आणि हक्क नाही म्हणून दाद मागायला जागा नाही. १९७९ मध्येच शिराझमधले बाबचे घर, त्यांचे तीर्थक्षेत्र, जमीनदोस्त झाले. बहाईंना पुरोहित नसल्याने समाजाचा कारभार निवडून दिलेली नऊ जणांची मंडळे पाहत. २१ ऑगस्ट १९८० रोजी राष्ट्रीय मंडळाचे नऊच्या नऊ सदस्य बैठकीतून उचलून नेले गेले. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. नवे मंडळ निवडले गेले, डिसेंबर १९८१ मध्ये त्यांतल्या आठ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. क्रांतीनंतरच्या वर्षांत जीव गमावलेल्या बहाईंची संख्या दोनशेवर जाते.

आरोप बहुधा एकच, ‘इस्रायलचे हेर’. का, तर त्यांचे जागतिक केंद्र हैफाला आहे. बहाउल्लांना अक्काला पाठवले ते इराणी आणि तुर्की दरबारांनी, १८६८ मध्ये. इस्रायल जन्माला आले १९४८ मध्ये. ऐंशी वर्षे आधी हेर नेमून ठेवणारे सरकार जगात कुठे असेल तर ते पाहायलाच हवे.

शिराझची गोष्ट मात्र घाईने सांगून चालणार नाही. १९८२च्या अखेरीस तिथे बहाईंची मोठी धरपकड झाली. तुरुंगात त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा एकच मागणी ठेवली गेली. बहाई धर्म सोडल्याचे लिहून द्या आणि घरी जा. १६ जून १९८३ रोजी सहा पुरुषांना फाशी दिली गेली. दोनच दिवसांनी, १८ जूनला, दहा स्त्रियांना. यातल्या एकीचा नवरा आणि दुसरीचा मुलगा त्या सहांमध्ये होता. एका घरातले तर वडील आधी गेले आणि मग आई व मुलगी एकाच दिवशी. दहाजणींतली सर्वांत लहान मोना महमूदनिझाद सतरा वर्षांची होती. तिच्या वडिलांना मार्च महिन्यातच फासावर चढवले होते. तिच्यावरच्या आरोपांतला एक असा, की ती बहाई मुलांचे वर्ग घेत असे. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी सकाळी कॉलेजातली एखादी ताई लहान मुलांना गोळा करून श्लोक आणि गोष्टी शिकवते, त्याच जातीचे हे वर्ग. अमेरिकेच्या अध्यक्षांनी मे महिन्यातच या कैद्यांसाठी जाहीर आवाहन केले होते. उपयोग झाला नाही.

पण सतरा वर्षांच्या मुलीला फाशी दिली की जगभर बोभाटा होतो. पुढच्या वर्षांत फाशीचे प्रमाण घटले आणि काम कागदावर आले. फेब्रुवारी १९९१ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या सर्वोच्च परिषदेने ‘बहाई प्रश्ना’वर एक गोपनीय टिपण तयार केले. तेव्हाचे सर्वोच्च नेते अयातुल्ला खामेनेई यांची त्याला संमती होती. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी गालिन्दो पोल यांनी ते उजेडात आणले. मी या टिपणाचा मजकूर वाचला तेव्हा आधी लक्षात आला तो त्याचा शांत सूर. उगाच अटक करू नये, उगाच देशाबाहेर काढू नये, असेही त्यात आहे. मात्र त्यांची वाढ आणि प्रगती खुंटेल अशा रीतीने त्यांच्याशी वागावे. बहाई असल्याचे सांगत नसतील तर शाळेत घ्यावे, विद्यापीठात मात्र बहाई असल्याचे कळताच काढून टाकावे. स्वतःला बहाई म्हणवणाऱ्याला नोकरी देऊ नये. कारकुनी भाषेत, परिच्छेदांना क्रमांक घालून.

सरकारी नोकरीतल्या बहाईंना त्याआधीच काढून टाकले होते. निवृत्तांचे पेन्शन थांबले. काहींना तर आजवर घेतलेला पगार परत करा, अशा नोटिसा आल्या. तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाने तीस वर्षांचा पगार कुठून आणायचा?

प्रवेशपरीक्षेच्या अर्जावरून २००४ मध्ये धर्माचा रकाना निघाला. वर्षानुवर्षे थांबलेली शेकडो बहाई मुले परीक्षेला बसली, चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाली. निकालपत्र हाती आले तर त्यावर आपणहून छापलेले, धर्म इस्लाम. मुलांनी दुरुस्ती मागितली. ती मिळाली नाही आणि मुलांनी प्रवेश घेतला नाही. २००६ मध्ये मंत्रालयाने ८१ विद्यापीठांना पत्र पाठवून बहाई विद्यार्थी आढळताच काढून टाकण्यास सांगितले. त्यानंतर निकालाच्या जागी एक नवीच ओळ दिसू लागली : ‘फाईल अपूर्ण’. कोणता कागद राहिला ते कुणी सांगत नाही. जो कागद राहिलेलाच नाही तो आणून देणार तरी कसा?

यावर बहाईंनी जे केले ते मला या साऱ्या कहाणीत सर्वांत विलक्षण वाटते. नोकरीवरून काढलेले प्राध्यापक घरी बसून होते, विद्यापीठाबाहेर ठेवलेली मुलेही घरीच होती. १९८७ मध्ये दोघांची गाठ घालून देण्यात आली. त्यातून बहाई उच्च शिक्षण संस्था उभी राहिली. तिला इमारत नव्हती, फाटक नव्हते, पाटी तर नव्हतीच. सुरुवातीला टपालाने धडे, झेरॉक्स केलेली टिपणे. मग दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात वर्ग, भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्रयोगशाळा. पुढे इंटरनेट आले तसे परदेशांतले प्राध्यापकही शिकवू लागले. ज्या घरी वर्ग असे तिथल्या गृहिणीची काय तारांबळ होत असेल याची कल्पना आपल्या वाचकभगिनींना सहज येईल. शेजाऱ्यांच्या नजरेत न येता पंधरा-वीस पोरांचे चपलाजोडे लपवायचे म्हणजे गंमत नाही. १९९८च्या शरदात पोलिसांनी पाचशेहून अधिक घरांवर छापे घातले. संगणक, पुस्तके, झेरॉक्स यंत्रे नेली, ३६ जणांना अटक केली. वर्ग पुन्हा भरले. मे २०११ मध्ये पुन्हा छापे, शिकवणाऱ्यांना चार-पाच वर्षांच्या शिक्षा. वर्ग पुन्हा भरले. इराणात या पदवीला कवडीची किंमत दिली गेली नाही, पण परदेशांतल्या अनेक विद्यापीठांनी तिच्या आधारे पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश दिले.

इराणी मुसलमान सगळे सरकारच्या बाजूने होते असे समजू नये. खोमेनींचे एके काळचे नियोजित वारस अयातुल्ला मोंतझेरी यांनी २००८ मध्ये सांगितले, की बहाई हे या देशाचे नागरिक आहेत आणि नागरिकाचे हक्क त्यांना आहेत. २००९ मध्ये इराणी लेखक-विचारवंतांनी ‘आम्हाला लाज वाटते’ अशा शीर्षकाचे पत्र प्रसिद्ध केले. आणि २०१६ मध्ये एक घरगुती भेट देशभर गाजली. माजी अध्यक्ष रफसंजानी यांच्या कन्या फाएझे हाशेमी यांनी पूर्वी एविन तुरुंगात शिक्षा भोगली होती. तिथे त्यांची ओळख फरिबा कमालाबादी या बहाई कैद्याशी झाली. फरिबाबाई चार-पाच दिवसांच्या रजेवर घरी आल्या, तेव्हा फाएझे त्यांना भेटायला गेल्या. मैत्रिणीकडे चहाला जावे तशा. फोटो बाहेर आला आणि गहजब झाला. खुद्द वडिलांनी मुलीची चूक झाल्याचे म्हटले. मुलीने मात्र आपल्याला त्याचा पश्चात्ताप नसल्याचे सांगितले.

फरिबाबाईंसह तुरुंगात गेलेल्या सात बहाई नेत्यांमध्ये महवश साबेत होत्या. पेशाने शिक्षिका, क्रांतीनंतर नोकरीवरून काढलेल्या, पुढे त्या घरगुती विद्यापीठाचे काम वर्षानुवर्षे सांभाळलेल्या. मार्च २००८ मध्ये त्यांना अटक झाली. तुरुंगात त्यांनी कविता लिहिल्या, त्यांचे इंग्रजी रूपांतर २०१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सुटल्या. त्यानंतरही कागद थांबले नाहीत. २०२० मध्ये राष्ट्रीय ओळखपत्राच्या अर्जावरून ‘इतर धर्म’ हा पर्याय काढण्यात आला, म्हणजे बँकेत जायचे तरी पुन्हा तोच रकाना. ३१ जुलै २०२२ रोजी महवशबाईंना पुन्हा पकडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तेव्हा त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. त्याच खटल्यात, त्याच दिवशी, तेवढीच शिक्षा फरिबाबाईंनाही झाली.