न्हाणीमागचा धोपा

आम्ही नागपूरकडचे त्याला धोपा म्हणतो, पुण्या-मुंबईकडे तो अळू, आणि इथे भिलाईजवळच्या उतईत त्याचं नाव कोचई. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्याच राज्यात होता, त्यामुळे विदर्भातून आलेल्या माणसाला इथलं परस परकं वाटत नाही. इथे परसाला बाडी म्हणतात आणि शेणखताच्या खड्ड्याला घुरवा. कोचईचा मुक्काम बहुधा या दोहोंच्या मध्येच असतो.

पहिल्या वर्षी मी चुकले. अंगणातल्या भाठा जमिनीत, भर उन्हात कंद पुरले. भाठा म्हणजे मुरमाड, तांबूस माती. ओतलेलं पाणी घटकाभरही धरत नाही. पानं तळहाताएवढी झाली आणि कडांनी करपली. शेजारच्या काकींनी ती पाहिली, एक शब्दही न बोलता मला मागे नेलं आणि न्हाणीचं पाणी जिथे मुरतं ती जागा बोटाने दाखवली. आजीच्या घरीही धोपा तिथेच होता की! मोठं पान हवं असेल तर आधी पाण्याची वाट शोधावी, वाणाची चौकशी नंतर.

अळू मुळात पाणथळ जागेचा. पापुआ न्यू गिनीतल्या कुक दलदलीत माणसाने हजारो वर्षांपूर्वी तो हाताळल्याच्या खुणा सापडल्या आहेत. त्याला काळी, ओल धरणारी कन्हार माती मानवते. आमच्याकडे मागे पिवळसर मटासी आहे. तिच्यात कुजलेलं शेणखत निम्मं मिसळलं तरी काम भागतं. मृग लागण्याच्या सुमारास कोंब फुटलेला कंद चार बोटं खोल पुरायचा. वडीसाठी दोन रोपांत हातभर अंतर पुरतं, पण सुपाएवढी पानं हवी असतील तर दोन हात तरी सोडावं. बाजूची पिल्लं काढत राहिलं की आईचं पान रुंदावतं. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी आंब्याची सावली मिळाली तर उत्तमच.

पहाटे एकदा या पानाजवळ बसून बघा. टोकाशी एक थेंब जमतो, लोंबतो, गळतो, पुन्हा जमतो. मुळांनी रात्रभर ओढलेलं जादा पाणी झाड असं बाहेर टाकत असतं. पानावर पडलेला पावसाचा थेंब मात्र पाऱ्यासारखा घरंगळतो, कारण पृष्ठभागावर मेणाचा अतिसूक्ष्म खडबडीतपणा असतो.

तरी सततच्या झडीत करपा येतोच. तपकिरी वर्तुळं वाढत जातात आणि पान चार-सहा दिवसांत झडतं. १९९३मध्ये याच रोगाने सामोआ बेटांवरचं अळूचं पीक झोपवलं होतं. डाग दिसताच पान देठासकट तोडून परसाबाहेर टाकावं आणि संध्याकाळी वरून पाणी मारू नये. शेपटीवर काटा असलेली जाडी अळी हाताने वेचली की पुरे.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. शोभेचा कासाळू दिसायला अळूचा थोरला भाऊ, पण तो खायचा नाही. खायच्या अळूचा देठ पानाला काठापासून आत चिकटतो आणि पान खाली झुकतं. कासाळूचं पान टोक वर करून उभं राहतं. ओळख पक्की नसेल तर त्या पानाला हातच लावू नका. खाण्याच्या अळूतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतातच. घसा खवखवतो तो त्यांनीच. म्हणून चिरताना हाताला तेल, शिजवताना चिंच, आणि पान पुरतं शिजल्याशिवाय ताटात नाही.

इथे चिंचेचं काम आंबट मठ्ठा करतो. उडदाच्या डाळीची पिठी पानांना लावून गुंडाळी करतात, वाफवतात, काप करून कढीत सोडतात. त्याला इड़हर म्हणतात. बेसनाची खमंग वडी मला जिवापाड प्रिय आहे, पण पावसाळी दुपारी गरम भातावर इड़हर असला की मी वडीची आठवण काढत नाही.

दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडू लागतात आणि कंद तयार होतात. गोवर्धनपूजेला कोचई आणि कोहळ्याची भाजी होते, गाईला खिचडी चारतात. आदल्या दिवशी आम्ही वाफा खणतो. मोठे कंद काकींच्या घरी जातात. बोराएवढे, डोळा शाबूत असलेले मी कोरड्या वाळूत, माठाखालच्या कोपऱ्यात नव्हे तर कोठीत ठेवते. माठाजवळची ओल त्यांना माघातच कोंब फोडायला लावते, आणि पुढे सगळा उन्हाळा उभा असतो.