बॅकअप आहे, पण तो परत येतो का?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर पसरली आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी, ती यासाठीच.

मात्र प्रत असणे वेगळे आणि ती कामाला येणे वेगळे. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. बॅकअपच्या जागी पाहिले, तर तिथे काहीच नव्हते! डेटाबेसची आवृत्ती न जुळल्याने बॅकअप रोज फसत होता आणि इशाऱ्याचे ईमेल पोचतच नव्हते. सहा तास आधी योगायोगाने घेतलेली एक प्रत कामी आली.

शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या काष्टीत एखाद्या दूध संकलन केंद्राने फॅटच्या नोंदी आणि दुधाच्या पगाराचा हिशेब स्वतःच्या सर्व्हरवर ठेवला, तर त्यालाही हेच लागू. डिस्क गेली की आधी नवी यंत्रणा, मग त्याच आवृत्तीचा डेटाबेस, मग नोंदी, शेवटी फोटोंसारख्या मोठ्या फायली. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ५०० जीबी उतरवायला बावीस तास लागतात. म्हणून हिशेब आधी आणावा.

कूटबद्ध बॅकअपचा पासवर्ड हरवला, तर तो कोणालाच उघडता येत नाही. पासवर्ड कागदावर लिहून सर्व्हरपासून दूर ठेवावा आणि याच महिन्यात एखाद्या जुन्या संगणकावर सगळे एकदा उभारून पाहावे.