बर्फावरून घसरून जखमी होणाऱ्या वितरणचालकांचे कायदेशीर हक्क : न्यू जर्सी राज्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हिवाळ्यात घरोघरी व दुकानोदुकानी माल पोहोचविणारे वाहनचालक बर्फावरून घसरून जखमी होतात. अशा चालकास एकाच वेळी दोन भिन्न कायदेशाखांकडून दाद मिळू शकते. पहिली कामगार नुकसानभरपाईची, तर दुसरी अपकृत्य कायद्याखालील निष्काळजीपणाच्या दाव्याची. या दोन मार्गांचे स्वरूप, त्यांचा परस्परसंबंध, मुदती व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात न्यू जर्सी राज्याच्या कायद्याच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : वितरणचालक, कामगार नुकसानभरपाई, अपकृत्य, जागामालकाचे कर्तव्य, धारणाधिकार.

प्रस्तावना

कारखान्यातील कामगार नियोक्त्याच्या जागेत काम करतो. तेथील जमीन, जिने व यंत्रे यांवर नियोक्त्याचे नियंत्रण असते. वितरणचालकाची स्थिती याहून वेगळी असते. त्याचे काम दिवसभर परक्या जागांत चालते. कोणाचे अंगण, कोणाच्या दुकानासमोरील पदपथ, कोणाचा वाहनतळ अशा ठिकाणी त्याला दोन्ही हातांत ओझे घेऊन, पायाखाली न पाहता चालावे लागते. दिवसा वितळलेले हिम रात्री पुन्हा गोठते आणि त्याचा पातळ, पारदर्शक थर डांबरी पृष्ठभागावर बसतो. त्याखालचा काळा रस्ता दिसत असल्यामुळे त्यास तेथे 'ब्लॅक आइस' म्हणतात. पहाटेच्या फेरीवर निघालेल्या चालकास तो दिसतच नाही.

चालक घसरला, मनगट किंवा कंबर मोडली, तर जबाबदार कोण, हा प्रश्न म्हणूनच गुंतागुंतीचा होतो. नियोक्ता, जागेचा मालक, तेथील भाडेकरू, हिम काढण्याचे कंत्राट घेतलेली संस्था आणि प्रसंगी नगरपालिका असे अनेक पक्ष एका अपघातात गुंतलेले असू शकतात. प्रत्येकाविरुद्धचा हक्क वेगळा असतो आणि प्रत्येकाची मुदतही वेगळी असते.

१. कामगार नुकसानभरपाई : दोषनिरपेक्ष मार्ग

न्यू जर्सीचा कामगार नुकसानभरपाई कायदा १९११ सालचा आहे. या कायद्याच्या मुळाशी एक देवाणघेवाण आहे. कामगारास नियोक्त्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. स्वतः कामगार थोडाबहुत बेसावध असला तरी त्याचा हक्क नष्ट होत नाही. त्याच्या बदल्यात कामगार नियोक्त्यावर साधा निष्काळजीपणाचा दावा लावण्याचा अधिकार गमावतो. नियोक्त्याने हेतुपुरस्सर अपकृत्य केले असेल तरच या नियमास अपवाद होतो आणि हा अपवाद न्यायालये अतिशय संकुचित अर्थाने लावतात. बर्फावरून घसरण्याच्या प्रकरणात तो क्वचितच लागू पडतो.

अपघात 'नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात' घडलेला असला पाहिजे, ही या कायद्याची मुख्य अट होय. भारतातील १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अभ्यासकांस हा शब्दप्रयोग परिचित आहे. नियोक्त्याच्या जागेबाहेर, परंतु नेमून दिलेल्या कामावर असलेल्या कामगारासही न्यू जर्सीचा कायदा संरक्षण देतो. त्यामुळे ग्राहकाच्या दारात पार्सल ठेवताना घसरलेल्या चालकास ही अट सहसा अडचणीची ठरत नाही.

मिळणारे लाभ तीन प्रकारचे असतात. पहिला लाभ वैद्यकीय उपचारांचा. त्यांचा खर्च नियोक्ता किंवा त्याची विमा कंपनी करते. परंतु डॉक्टर निवडण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच असतो. तातडीचा प्रसंग सोडून चालकाने परस्पर अन्य डॉक्टर गाठल्यास ते बिल नाकारले जाऊ शकते. दुसरा लाभ तात्पुरत्या असमर्थतेचा. सात दिवसांहून अधिक काळ काम करता आले नाही तर साप्ताहिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. आठवड्यास १,००० डॉलर मिळविणाऱ्या चालकास ७०० डॉलर मिळतील. मात्र राज्याने ठरविलेली कमाल व किमान मर्यादा त्यास लागू असते. हा लाभ अधिकाधिक ४०० आठवडे चालतो. तिसरा लाभ कायमच्या अपंगत्वाचा असून तो कायद्यातील तक्त्यानुसार, अवयव व हानीची टक्केवारी पाहून ठरतो.

वेदना, मानसिक यातना, जीवनातील आनंदास मुकणे यांची स्वतंत्र भरपाई या मार्गाने मिळत नाही, ही त्याची मोठी उणीव होय. मोडलेल्या घोट्याची किंमत तक्त्यात असते. त्या घोट्यामुळे वर्षभर जिना चढता न येण्याची नसते.

अपघाताची सूचना नियोक्त्यास शक्य तितक्या लवकर द्यावी लागते. ९० दिवसांत सूचना दिली नाही आणि नियोक्त्यास अपघाताची अन्य मार्गाने माहितीही नव्हती, तर हक्क बुडतो. औपचारिक अर्ज अपघातापासून अथवा भरपाईचा शेवटचा हप्ता मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. भरपाई मागितली म्हणून कामावरून काढून टाकणे कायद्याने निषिद्ध आहे.

संयुक्त संस्थानांच्या टपाल खात्याचे कर्मचारी राज्याच्या कायद्याखाली येत नाहीत. त्यांना १९१६ चा संघराज्यीय कर्मचारी भरपाई कायदा लागू होतो. अपघातानंतर ३० दिवसांत विहित नमुना भरल्यास त्यांना ४५ दिवसांपर्यंत पूर्ण वेतन चालू राहते. त्यानंतर अवलंबित नसल्यास वेतनाच्या दोन-तृतीयांश आणि अवलंबित असल्यास तीन-चतुर्थांश भरपाई मिळते.

२. चालक 'कामगार' आहे काय?

वरील संरक्षण 'कामगारा'स आहे. 'स्वतंत्र कंत्राटदारा'स नाही. अनेक वितरण संस्था आपल्या चालकांशी कंत्राटदार म्हणून करार करतात. तथापि करारातील नाव निर्णायक नसते. न्यू जर्सीतील न्यायालये नुकसानभरपाईच्या प्रकरणात मुख्यतः दोन कसोट्या लावतात : कामाच्या पद्धतीवर नियंत्रण कोणाचे आहे आणि ते काम त्या संस्थेच्या व्यवसायाचा अविभाज्य भाग असून चालक उपजीविकेसाठी तिच्यावर अवलंबून आहे काय.

वेतनविषयक कायद्यासाठीची कसोटी याहून कडक आहे. २०१५ मध्ये 'स्लीपीज' या गादीविक्री कंपनीचा माल पोहोचविणाऱ्या चालकांच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन घटकांची 'एबीसी' कसोटी मान्य केली. त्यानुसार चालक नियंत्रणमुक्त आहे, त्याचे काम कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे अथवा तिच्या जागांबाहेरचे आहे आणि त्याचा स्वतःचा स्थिर व्यवसाय आहे, या तिन्ही गोष्टी कंपनीने सिद्ध करावयाच्या असतात. दोन कायद्यांच्या कसोट्या वेगळ्या असल्याने एकाच चालकाचा दर्जा वेतनासाठी एक आणि भरपाईसाठी दुसरा ठरण्याची शक्यता राहते.

चालक कामगार ठरला, पण नियोक्त्याने विमाच उतरविला नसेल, तर राज्याच्या विमारहित नियोक्ता निधीकडून वैद्यकीय खर्च व तात्पुरती भरपाई मागता येते. तो खरोखर कंत्राटदार ठरला तर भरपाईचा मार्ग बंद होतो. पुढील अपकृत्याचा मार्ग मात्र खुला राहतो.

३. त्रयस्थाविरुद्ध दावा : जागामालकाचे कर्तव्य

नियोक्त्याविरुद्ध दावा करण्यास मनाई असली तरी त्रयस्थाविरुद्ध ती नाही. या दाव्यात जागेवर ज्याचे नियंत्रण होते त्याने वाजवी काळजी घेतली नाही, हे चालकास सिद्ध करावे लागते. धोकादायक बर्फ तेथे होता आणि त्याची माहिती संबंधितास होती किंवा असावयास हवी होती, हा पुराव्याचा गाभा होय.

कर्तव्य कोणाचे, हे जागेच्या प्रकारावर अवलंबून असते. व्यापारी इमारतीच्या मालकास लगतचा सार्वजनिक पदपथ सुस्थितीत ठेवावा लागतो, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ठरविले. १९८३ मध्ये हे कर्तव्य हिम व बर्फ काढण्यापर्यंत वाढविले, तर २०२४ मध्ये रिकाम्या व्यापारी भूखंडांच्या मालकांसही लागू केले. निवासी घराच्या मालकावर मात्र लगतच्या सार्वजनिक पदपथाबाबत असे कर्तव्य नाही. म्हणजे चालक किराणा दुकानासमोर घसरला तर दावा उभा राहू शकतो. शेजारच्या बंगल्यासमोरील पदपथावर घसरला तर सामान्यतः राहत नाही. तोच चालक बंगल्याच्या आवारातील पायवाटेवर घसरला असता प्रश्न पुन्हा बदलतो, कारण तेथे तो घरमालकाच्या कामासाठी आलेला असतो.

वादळ चालू असताना काय? २०२१ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 'चालू वादळा'चा नियम स्वीकारला. हिमवृष्टी थांबल्यानंतर वाजवी कालावधी जाईपर्यंत व्यापारी जागामालकावर हिम काढण्याचे कर्तव्य येत नाही. यास दोन अपवाद आहेत : मालकाच्या स्वतःच्या कृतीने धोका वाढला असल्यास, किंवा आधीच्या वादळाचा बर्फ तसाच पडून असल्यास. या नियमाचा भार वितरणचालकांवर विशेष पडतो. कारण वादळात ग्राहक घरी थांबतो, चालक मात्र फेरीवर असतो.

मालक व भाडेकरू यांच्यातील जबाबदारीची वाटणी २०२० च्या निकालातून स्पष्ट होते. फेडेक्सचा एक चालक २०१४ मध्ये रॅम्सली मोटर्स या मोटारविक्री व्यवसायाच्या वाहनमार्गावरील बर्फावरून घसरला. जागा भाड्याची होती. भाडेकरारानुसार जागेची देखभाल व तिच्यावरील नियंत्रण भाडेकरूकडे होते. दुरुस्तीसाठी प्रवेश करण्याचा हक्क तेवढा मालकाने राखून ठेवला होता. केवळ एवढ्याने मालकाचे नियंत्रण सिद्ध होत नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने मालकास जबाबदारीतून मुक्त केले. भाडेकरार पाहिल्याशिवाय प्रतिवादी निश्चित करणे किती धोक्याचे आहे, हे या निकालावरून दिसते.

अन्य राज्यांत नियम निराळे आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये पूर्वी नैसर्गिकरीत्या साचलेल्या हिमासाठी जागामालक जबाबदार नसे. २०१० मध्ये टार्गेट कॉर्पोरेशनविरुद्धच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा भेद रद्द करून सर्वत्र वाजवी काळजीची कसोटी लागू केली. ओहायो व इलिनॉय येथे मात्र तो भेद टिकून आहे.

४. चालकाचा स्वतःचा दोष

प्रतिवादी बहुधा असा बचाव घेतो की, बर्फ डोळ्यांसमोर होता, चालक घाईत होता, त्याची पादत्राणे योग्य नव्हती. न्यू जर्सीत तुलनात्मक निष्काळजीपणाचे तत्त्व आहे. चालकाचा दोष प्रतिवादींच्या दोषाहून अधिक नसेल तर भरपाई मिळते. परंतु त्याच्या दोषाच्या प्रमाणात ती घटते. ९०,००० डॉलरची हानी आणि ४० टक्के दोष असल्यास ५४,००० डॉलर मिळतात. दोष ५१ टक्के ठरल्यास काहीच मिळत नाही. एका टक्क्याचा हा फरक लक्षात घेता पुराव्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. बर्फ वितळण्यापूर्वी घेतलेली छायाचित्रे, हवामानाच्या नोंदी, हिम काढणाऱ्या कंत्राटदाराच्या नोंदवह्या आणि दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण हा निर्णायक पुरावा ठरतो. यातील पहिला पुरावा काही तासांत नाहीसा होतो; शेवटचा जपून ठेवण्याची लेखी मागणी त्वरित न केल्यास तोही पुसला जाण्याचा संभव असतो.

५. दोन्ही मार्गांचा मेळ आणि मुदती

भरपाई घेतल्यानंतरही त्रयस्थाविरुद्ध दावा करता येतो. परंतु एकाच हानीसाठी दुहेरी वसुली करता येत नाही. त्रयस्थाकडून मिळालेल्या रकमेवर भरपाई देणाऱ्या विमा कंपनीचा धारणाधिकार असतो. मात्र वकिलाची फी (कमाल एक-तृतीयांश) व ७५० डॉलरपर्यंतचा खर्च यांचा वाटा तीस सोसावा लागतो. उदाहरणार्थ, विमा कंपनीने ३०,००० डॉलर दिले असतील आणि चालकास त्रयस्थाकडून त्याहून बरीच मोठी रक्कम मिळाली असेल, तर फी एक-तृतीयांश धरता कंपनीस १९,२५० डॉलर परत करावे लागतात. हा हिशेब न समजता केलेली तडजोड चालकास निराश करते.

त्रयस्थाविरुद्ध दाव्याची मुदत दोन वर्षे आहे. चालकाने एका वर्षात दावा केला नाही तर नियोक्ता किंवा विमा कंपनी दहा दिवसांची लेखी सूचना देऊन स्वतः दावा करू शकते. प्रतिवादी नगरपालिका अथवा अन्य सार्वजनिक संस्था असेल तर ९० दिवसांत लेखी दाव्याची सूचना द्यावी लागते. शिवाय रस्त्यावरील हिमाबाबत अशा संस्थांना व्यापक संरक्षण आहे. दोन वर्षांच्या मुदतीवर विसंबून राहिलेला चालक ९० दिवसांची मुदत चुकवितो, ही या क्षेत्रातील नेहमीची शोकांतिका होय.

भरपाई प्रकरणातील तडजोडीचेही दोन प्रकार आहेत. कलम २२ खालील आदेशानंतर प्रकृती बिघडल्यास शेवटच्या हप्त्यापासून दोन वर्षांत प्रकरण पुन्हा उघडता येते. कलम २० खालील एकरकमी तडजोडीने मात्र पुढील सर्व हक्क संपतात. भविष्यातील शस्त्रक्रियेचा खर्चही त्यात बुडतो. हातात तत्काळ येणारी रक्कम मोहात पाडणारी असली तरी कंबरेच्या दुखापतीचा खरा परिणाम पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांनी दिसतो.

निष्कर्ष

न्यू जर्सीचा कायदा जखमी वितरणचालकास निराधार सोडत नाही. दोषनिरपेक्ष भरपाई आणि दोषाधारित दावा असे दोन आधार तो देतो. पहिला निश्चित परंतु अपुरा आहे. दुसरा पुरेसा परंतु अनिश्चित आहे. दोन्ही एकत्र वापरले तरच चालकाची हानी काही अंशी भरून निघते. परंतु हे हक्क प्रत्यक्षात येणे पहिल्या काही दिवसांतील कृतींवर अवलंबून आहे : नियोक्त्यास सूचना, जागेची छायाचित्रे, जागेवर नियंत्रण कोणाचे याचा शोध आणि सार्वजनिक संस्थेस ९० दिवसांच्या आत लेखी सूचना. ज्याचे वेतन थांबले आहे आणि जो अंथरुणास खिळला आहे त्याच्याकडून कायदा हीच तत्परता अपेक्षितो. चालकास कंत्राटदार ठरविण्याची प्रथा ही विषमता आणखी वाढविते. कारण ज्यास 'कामगार' हे नावच नाकारले जाते, त्यास दोहोंपैकी निश्चित आधार गमवावा लागतो. कामगार कायद्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे केवळ अपघाताचा प्रश्न म्हणून न पाहता दर्जाचा प्रश्न म्हणून पाहणे अगत्याचे आहे.