'डीमन स्लेयर'चा पहिला सीझन संपला? थांबा, थेट दुसरा लावू नका! मधला 'मुगेन ट्रेन' का चुकवायचा नाही?

'डीमन स्लेयर'च्या पहिल्या सीझनचा 26 वा भाग संपतो तेव्हा तांजिरो, झेनित्सु आणि इनोसुके धावत जाऊन एक रेल्वेगाडी पकडतात. तांजिरोच्या पाठीवरच्या पेटीत नेझुको आहेच. पुढे 'एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट' हा भाग लावला, तर गाडीचा पत्ता नाही, तांजिरो कुणाच्या तरी घरी सांत्वनाला निघालेला आणि सगळे दुःखात. प्रेक्षकाला वाटते, आपला एखादा एपिसोड राहिला की काय! राहिलेला असतो तो अख्खा चित्रपट.

(इथून पुढे कथानकाचा उलगडा आहे.)

हा चित्रपट म्हणजे 'मुगेन ट्रेन'. हारुओ सोतोझाकी दिग्दर्शित आणि युफोटेबल स्टुडिओने बनवलेला हा 117 मिनिटांचा चित्रपट 16 ऑक्टोबर 2020 रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. लोकप्रिय मालिकांवरचे ॲनिमे चित्रपट बऱ्याचदा वेगळीच कथा सांगतात. ते पाहिले काय, न पाहिले काय, मूळ मालिकेला धक्का लागत नाही. इथे तसे नाही. कोयोहारू गोतोगे यांच्या मूळ मांगातला, सातव्या-आठव्या खंडातला भाग जसाच्या तसा पडद्यावर आणला आहे. बारा-तेरा एपिसोडचा सीझन काढण्याइतका तो मोठा नाही. दोन तासांच्या चित्रपटात मात्र नेमका बसतो.

गाडीत नेमके काय घडते?

टीसीने तिकीट पंच केले की प्रवाशाला गाढ झोप लागते. तिकिटाच्या शाईत एन्मु या राक्षसाचे रक्त मिसळलेले असते. स्वप्नात तांजिरोला त्याचे मारले गेलेले कुटुंब जिवंत भेटते. आई, भावंडे, बर्फातले घर, सगळे तसेच. जागे व्हायचे तर स्वप्नात स्वतःचीच मान कापायची. मारामारीच्या मालिकेतला हा सर्वांत हळवा प्रसंग म्हणावा लागेल.

खरा नायक मात्र क्योजुरो रेंगोकू. आठ डब्यांच्या गाडीतले पाच डबे तो एकटा सांभाळतो. 200 प्रवाशांपैकी एकही दगावत नाही. तेवढ्यात अकाझा हा कितीतरी बलाढ्य राक्षस येतो आणि पहाटेपर्यंत चाललेल्या झुंजीत रेंगोकूचा जीव जातो. दुसऱ्या सीझनमध्ये तांजिरो ज्या घरी जातो, ते रेंगोकूचे. ही पहाट पाहिली नसेल, तर त्या घरातल्या वडिलांचा संताप आणि धाकट्या भावाचे अश्रू परक्याचेच वाटतात.

मग सात एपिसोडची भानगड काय?

ऑक्टोबर 2021 मध्ये हाच चित्रपट टीव्हीसाठी सात भागांत विभागून दाखवला गेला. त्यातला पहिला भाग पूर्ण नवा, गाडीत चढण्याआधीच्या रेंगोकूचा. बाकीचे सहा म्हणजे थोड्याफार भरीसह तोच चित्रपट. दोन्ही पाहण्याची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत चित्रपट पाहावा. तुकड्यांत स्वप्नाची लय तुटते. रेंगोकू आवडलाच, तर तो नवा भाग नंतर बघा. ॲपवर चित्रपट बऱ्याचदा सीझनच्या यादीत नसतो, तेव्हा नावाने शोधा.

पुढची कथा चित्रपटगृहात नेण्याची ही जोखीम जपानमध्ये भलतीच फळली. कोरोनामुळे हॉलिवूडचे मोठे चित्रपट लांबणीवर पडले होते, पडदे मोकळे होते. पहिल्या तीन दिवसांत सुमारे 460 कोटी येन जमले. वर्ष संपायच्या आत 2001 च्या 'स्पिरिटेड अवे'चा विक्रम मोडून हा जपानमधला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला.

'इन्फिनिटी कॅसल' हा पुढचा चित्रपट 12 सप्टेंबर 2025 रोजी भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंगसह आला. त्यात तांजिरोसमोर उभा ठाकतो तो हाच अकाझा.