विहिरीतील चकाकणारे खडे व बागेची जमीन

विहिरीचे खोदकाम चालू असता काळ्या पाषाणाबरोबर पांढरे वा काचेसारखे चकाकणारे खडे वर येतात. मौल्यवान खनिज सापडले, असा समज होऊन काही जण त्यांपायी व्यर्थ खर्च करतात. या खड्यांपासून धनलाभ क्वचितच होतो. परंतु त्यांची ओळख जमिनीची पारख करण्यास निश्चित उपयोगी पडते.

खडकांचे मुख्य प्रकार तीन आहेत : तप्त शिलारस निवून झालेले अग्निजन्य, गाळ साचून झालेले स्तरित आणि उष्णता व दाब यांमुळे पालटलेले रूपांतरित. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्ट या अग्निजन्य काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून तो बनला. रस निवताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या व पुढे पाण्यात विरघळलेली द्रव्ये त्यांत साचून गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट इत्यादी खनिजे तयार झाली.

गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइटवर चाकूने सहज ओरखडा उठतो आणि सौम्य आम्लाचा थेंब पडताच ते फसफसते.

काही कॅल्साइट अंधारात अतिनील किरणांच्या दिव्याखाली तांबड्या वा गुलाबी रंगाने उजळते. त्यातील मँगनीजसारख्या द्रव्यांचा अल्प अंश यास कारणीभूत असतो. या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये फ्लुओराइट या खनिजावरून त्यास इंग्रजी नाव दिले. दगड उजळतो म्हणून तो मौल्यवान किंवा किरणोत्सारी आहे, असे मानू नये.

कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शेतातील चुनखडीतही मुख्यतः हेच द्रव्य असते. कमी पावसाच्या प्रदेशात ते वाहून न जाता मातीच्या खालच्या थरांत साचते. संत्रा व मोसंबीच्या बागेस अशी जमीन अपायकारक ठरते. चुना अधिक असल्यास लोह व जस्त मुळांस पुरेसे मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. झाडे खंगू लागेपर्यंत लागवडीचा खर्च व कित्येक वर्षांची मेहनत खर्ची पडलेली असते.

म्हणून बाग लावण्यापूर्वी शेतात एक मीटर खोल खड्डा घ्यावा व प्रत्येक थराच्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहावा. आम्ल हाताळताना डोळे व त्वचा जपावी. माती जोराने फसफसल्यास थरवार नमुने मृद्‌चाचणी प्रयोगशाळेत पाठवावेत. मुक्त चुन्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक आढळल्यास तेथे ही फळझाडे लावू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही साधी परीक्षा शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष करून दाखवावी. लागवडीपूर्वी घेतलेला एक खड्डा पुढील मोठे नुकसान टाळू शकतो.